लपायला लावणारी भीती आणि जवळ आणणारं भय

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लहानपणापासून घरी आणि मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ‘देवाचं भय धरा’ हेच ऐकत आलात. तिकडे योहानाच्या पहिल्या पत्रात मात्र ‘पूर्ण प्रीती भीती घालवून देते’ असं लिहिलेलं आहे. मग ख्रिस्ती माणसाने देवाला भ्यायचं की नाही?

त्याखाली तुम्ही आणखी दोन ओळी लिहिल्यात, आणि माझं उत्तर खरं तर त्या दोन ओळींना आहे. गेली दोन वर्षं प्रभूभोजनाची, म्हणजे प्रभू येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीची, वेळ आली की मुलीला पाणी पाजायच्या निमित्ताने तुम्ही बाहेर जाता, कारण ‘अयोग्य रीतीने’ घेतलं तर शिक्षा होईल अशी धास्ती वाटते. आणि परवा त्या सहा वर्षांच्या मुलीने विचारलं, “मम्मी, मी खोटं बोलले तर देव मला मारेल का?”

नगर जिल्ह्यातल्या गावोगावच्या मंडळ्यांत मी चौतीस वर्षं पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मगुरू, होतो. शेवटची काही वर्षं दवाखान्यांत आजाऱ्यांच्या खाटेशी बसण्यात गेली. प्रभूभोजनाच्या वेळी बाहेर जाणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि त्यातली बरीचशी मंडळीतली सगळ्यांत प्रामाणिक माणसं होती. म्हणून उत्तर आधीच सांगून टाकतो. देवाचं भय धरायचं, जरूर धरायचं. पण जे तुम्हाला दाराबाहेर नेतं, त्याला पवित्र शास्त्र देवाचं भय म्हणत नाही.

पवित्र शास्त्रातल्या निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायापासून सुरुवात करू. दहा आज्ञा नुकत्याच दिल्या गेल्या आहेत. सीनाय पर्वत धुमसतो आहे, विजा चमकताहेत, शिंगाचा नाद वाढतो आहे. लोक थरथर कापत लांब सरकतात आणि मोशेला विनवतात, तूच आमच्याशी बोल, देव बोलला तर आम्ही मरून जाऊ. यावर मोशे काय म्हणतो ते विसाव्या वचनात आहे. ‘भिऊ नका,’ तो म्हणतो, आणि त्याच दमात पुढे सांगतो की देव आला आहे तो यासाठी की त्याचं भय तुमच्या डोळ्यांसमोर राहावं आणि तुम्ही पाप करू नये. एकाच वाक्यात भिऊ नका आणि भय धरा. मूळ हिब्रूत दोन्ही ठिकाणी धातूही एकच आहे, ‘यारे’. म्हणजे भीती वेगळी आणि भय वेगळं अशी शब्दांची वाटणी करून सुटका होत नाही. फरक कुठे आहे, ते एकविसावं वचन दाखवतं: लोक दूर उभे राहिले, आणि मोशे देव होता त्या निबिड अंधाराजवळ गेला.

मोशे भ्यालेला नव्हता असं समजू नका. इब्री लोकांस पत्राच्या बाराव्या अध्यायात तो म्हणतो की मी भयभीत व कंपित झालो आहे. लोकही कापत होते, मोशेही कापत होता. पायांची दिशा तेवढी वेगळी होती.

ही दिशा एकदा लक्षात आली की शास्त्रभर दिसू लागते. पवित्र शास्त्रात ‘मी भ्यालो’ असं पहिल्यांदा कोण म्हणतं? एदेन बागेतला आदाम. ‘मी तुझा आवाज ऐकला, आणि मी नग्न आहे म्हणून भ्यालो व लपलो.’ आता मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातल्या येशूच्या दाखल्यातला तो तिसरा दास आठवा, ज्याच्या हाती सगळ्यांत कमी रक्कम सोपवली होती. तो धन्याला म्हणतो, तू कठोर माणूस आहेस हे मला ठाऊक होतं, म्हणून मी भ्यालो आणि जाऊन तुझे पैसे जमिनीत लपवून ठेवले. भ्यालो आणि लपलो, भ्यालो आणि लपवलं. दोघांच्या मधे हजारो वर्षं आहेत, तरी दोघांची भीती सख्खी बहीण शोभते. आणि दोघांच्याही मनात देवाचं चित्र चुकलेलं आहे. एदेनात देव आदामाला हाक मारत फिरत होता. दाखल्यातल्या धन्याने आपली मालमत्ता विश्वासाने दासांच्या हाती दिली होती. ज्याने एवढा भरवसा टाकला त्याला तो दास कठोर म्हणतो, आणि ती कठोरपणाची समजूतच त्याचे हात बांधते.

येशूचा शिष्य पेत्र याचं उदाहरण मला फार जवळचं आहे. लूकच्या पाचव्या अध्यायात मासे इतके सापडतात की जाळी फाटू लागतात, आणि पेत्र येशूच्या पायांशी पडून म्हणतो, ‘प्रभुजी, मजपासून दूर जा, कारण मी पापी माणूस आहे.’ योहानाच्या एकविसाव्या अध्यायात पुन्हा तसंच होतं. तेच सरोवर, रात्रभर हाती काही नाही, आणि मग जाळंभर मासे. मधल्या काळात पेत्राने तीनदा प्रभूला नाकारलं आहे, म्हणजे ‘दूर जा’ म्हणायला आता कितीतरी मोठं कारण आहे. पण किनाऱ्यावर प्रभू आहे हे कळताच तो अंगरखा गुंडाळतो आणि पाण्यात उडी टाकतो. मचवा किनाऱ्याला लागेपर्यंतही त्याला दम निघत नाही. त्याच्या मनातलं भय संपलं होतं असं मला वाटत नाही. त्याच अध्यायात पुढे त्या न्याहारीला बसलेल्या शिष्यांपैकी कुणाचीही ‘तू कोण आहेस’ असं विचारण्याची छाती होत नाही. भय होतंच, पण ते आता त्याला किनाऱ्याकडे ओढत होतं.

आता एका सोप्या उत्तराबद्दल माझा मतभेद सांगतो. ‘भय म्हणजे फक्त आदर’ असं आजकाल पुष्कळ संदेशांत सांगितलं जातं. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, घाबरलेल्या माणसांना दिलासा द्यायचा असतो. पण आदर हा शब्द इथे तोकडा पडतो. आदर आपण मुख्याध्यापकांचा करतो, तहसीलदारांचा करतो. यशयाने मंदिरात परमेश्वराचं वैभव पाहिलं तेव्हा तो आदराने उभा राहिला नाही. ‘हायहाय, माझा नाश झाला’ असं ओरडला. पात्म बेटावर प्रभूचं दर्शन झालं तेव्हा योहान मेल्यासारखा त्याच्या पायांशी पडला. आपल्या भाषेत धाक, दरारा, वचक असे शब्द आहेत, पण त्यांत प्रेमाला जागा नाही. आणि ‘आदरयुक्त भीती’ तर शाळेच्या निबंधातला शब्द वाटतो.

तुम्ही आई आहात म्हणून विचारतो. मुलगी जन्मली आणि नर्सबाईंनी पहिल्यांदा तुमच्या हातात दिली, तेव्हा हात कापले होते ना? ते बाळ तुम्हाला काही करेल ही भीती नव्हती. एवढं मोलाचं काहीतरी आपल्या या साध्या हातांत आलं आहे, त्याचं ते कापणं होतं. ते बाळ परत द्यावंसं वाटलं का? आणखी घट्ट धरलं असेल. देव बाळ नाही, तो विश्वाचा निर्माणकर्ता आहे, म्हणून हा दाखला अर्ध्या वाटेपर्यंतच येतो. पण हर्ष आणि थरकाप एकाच हातांत राहू शकतात एवढं त्याने कळतं. दुसरं स्तोत्र म्हणतं, कंपित होऊन हर्ष करा. पुनरुत्थानाच्या सकाळी त्या बाया कबरेजवळून निघाल्या त्या, मत्तय सांगतो, ‘भीतीने व मोठ्या आनंदाने’. आणि होशेयाच्या तिसऱ्या अध्यायाच्या शेवटच्या वचनात आहे की इस्राएल लोक कापत कापत परमेश्वराकडे आणि त्याच्या चांगुलपणाकडे येतील. चांगुलपणाकडे कापत येणं ही कल्पना मला पहिल्यांदा वाचली तेव्हा कळली नव्हती. आता थोडी कळते.

देवाचं भय रोजच्या आयुष्यात कसं दिसतं, यावर मात्र मला सावकाश बोलायचं आहे, कारण आपल्या मंडळ्यांत हा भाग सगळ्यांत कमी शिकवला जातो. भय म्हटलं की आपल्याला उपासनेतली शांतता, डोक्यावरचा पदर, हळू आवाजातली प्रार्थना आठवते. मोशेचं नियमशास्त्र ‘आपल्या देवाचे भय बाळग’ हे शब्द कुठे ठेवतं ते पाहा. लेवीय या पुस्तकात, १९:१४: बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नको, आंधळ्यापुढे ठोकर ठेवू नको, आपल्या देवाचे भय बाळग. त्याच अध्यायात पुढे, पिकल्या केसांपुढे उठून उभा राहा, आपल्या देवाचे भय बाळग. पंचविसाव्या अध्यायात, भाऊ कंगाल झाला असेल तर त्याच्याकडून व्याज घेऊ नको, देवाचे भय बाळग. जो तुझ्या हाताखाली आहे त्याच्यावर कठोरपणे सत्ता चालवू नको, देवाचे भय बाळग.

यात एक सूत्र आहे. बहिऱ्याला शिवी ऐकू येत नाही. ठोकर कुणी ठेवली ते आंधळ्याला दिसत नाही. कंगाल माणूस व्याजाबद्दल तक्रार करू शकत नाही, कारण उद्या पुन्हा त्याच दारात यायचं असतं. जिथे पकडलं जाण्याची शक्यताच नाही, जिथे लोकलज्जेचंही काही चालत नाही, नेमक्या त्या जागी देव आपलं नाव लिहून ठेवतो. ‘जनाची नाही तर मनाची तरी’ असं आपण म्हणतो. पण मनही पटवता येतं, रोज थोडं थोडं पटवत गेलं तर ते फारसं आडवं येत नाही. बहिऱ्याला ऐकू गेलं नाही ते देवाने ऐकलेलं असतं.

माझ्या एका मंडळीतले वडीलधारे गृहस्थ गावच्या दूध संकलन केंद्रावर काम करायचे. फॅटच्या आकड्यावर दुधाचा भाव ठरतो, हे तुम्हाला माहीत असेल. दशांश चिन्हापुढचा एक आकडा इकडेतिकडे झाला तर शेतकऱ्याच्या पदरात कमी पडतं, आणि ते त्याला कळतही नाही. एक म्हातारी बाई रोज बरणी घेऊन यायची. तिला आकडे वाचता येत नव्हते. तिची पाळी आली की हे यंत्राचा पडदा तिच्याकडे वळवायचे, बोट ठेवून आकडा मोठ्याने वाचायचे आणि मागे उभ्या असलेल्या पोराला विचारायचे, बरोबर आहे का रे? मी एकदा विचारलं की सगळ्यांच्याच वेळी असं करता का. ते म्हणाले, “पाळकसाहेब, बाकीच्यांना वाचता येतं. हिला येत नाही, म्हणून हिच्या वेळी जास्त जपायचं.” लेवीय १९:१४ वर मी ऐकलेलं यापेक्षा चांगलं विवेचन मला आठवत नाही.

मिसर देशातल्या दोन इब्री सुइणी, शिप्रा आणि पुवा, याच भयाने ताठ उभ्या राहिल्या. मुलगा जन्मला तर मारून टाका, असा खुद्द फारोचा हुकूम होता. निर्गमाच्या पहिल्या अध्यायात एवढंच लिहिलं आहे की सुइणी देवाचे भय धरणाऱ्या होत्या, म्हणून त्यांनी राजाच्या आज्ञेप्रमाणे केलं नाही. एक गोष्ट माझ्या लक्षात फार उशिरा आली, की त्या फारोचं नाव तो अध्याय सांगत नाही, पण या दोन सुइणींची नावं सांगतो. देवाचं भय माणसाला भित्रा करतं असं ज्यांना वाटतं त्यांनी हा अध्याय वाचावा. यहूदा प्रांताचा सुभेदार नहेम्या याचंही तसंच. आधीचे सुभेदार लोकांकडून अन्न, द्राक्षारस आणि शिवाय चाळीस शेकेल चांदी उकळायचे. नहेम्या बारा वर्षं सुभेदार होता, पण त्याने हक्काचा भत्तासुद्धा घेतला नाही. कारण तो स्वतःच सांगतो, ‘देवाच्या भयामुळे मी तसे केले नाही.’

ताई, तुम्ही लिहिलंत की ‘माझ्यात देवाचं खरं भय नाही असं वाटतं’. ते तपासायचं असेल तर पोटातल्या गोळ्यावरून तपासू नका. घरी कामाला येणाऱ्या मावशींचा पगार वेळेवर जातो का, सासूबाईंना ऐकू कमी येतं तेव्हा त्यांच्या पाठीमागे काय बोललं जातं, हे पाहा. शास्त्राने दिलेली कसोटी ही आहे.

आता कठीण वचनं. ती टाळून पुढे गेलो तर रात्री दिवा मालवल्यावर ती तुम्हाला पुन्हा गाठतील.

‘आत्मा व शरीर या दोहोंचा नरकात नाश करण्यास जो समर्थ आहे त्याला भ्या.’ मत्तय १०:२८. हे प्रभूचेच शब्द आहेत आणि मी ते पातळ करणार नाही. न्याय आहे, आणि तो देवाच्या हातात आहे. पण हे वचन एकटं तोडून भिंतीवर लावलं जातं तेव्हा अन्याय होतो. प्रभू हे बोलतो ते छळाला सामोरं जाणाऱ्या शिष्यांशी. सव्विसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि एकतिसाव्या वचनात तो तीनदा ‘भिऊ नका’ म्हणतो. आणि नरकाच्या वचनाला लागूनच चिमण्या येतात: दमडीला दोन विकल्या जाणाऱ्या, पण पित्याच्या नकळत एकही जमिनीवर न पडणाऱ्या. तुमच्या डोक्याचे केससुद्धा मोजलेले आहेत. ज्याला भ्यायचं आणि जो केस मोजतो तो एकच आहे. हे कळलं की माणसांची भीती सुटते, आणि या बोलण्याचा रोख तोच आहे.

हनन्या आणि सप्पीरा, खोटं बोलल्यावर जागीच मरून पडलेलं ते जोडपं, यांच्याबद्दलही लोक विचारतात. प्रेषितांच्या कृत्यांच्या पाचव्या अध्यायात पेत्र हनन्याला स्पष्ट म्हणतो की जमीन तुझीच होती, विकल्यावर पैसाही तुझ्याच हाती होता. कमी दिलं म्हणून कुणी रागावलं नव्हतं. थोडं देऊन सगळं दिल्याचा देखावा त्यांनी केला, तोही जिथे गरिबांसाठी पैसा गोळा होत होता तिथे. त्या अध्यायाने ज्यांची झोप उडायला हवी ते अर्पणाचा हिशेब ठेवणारे आहेत, त्यात पाळकही आले. चुकल्याची कबुली देऊन रडणाऱ्यासाठी तो अध्याय नाही.

फिलिप्पैकरांस पत्रातलं ‘भीत व कापत आपले तारण साधून घ्या’ हे वचन पुढच्या वचनाशिवाय कधीही वाचू नका. तिथे लिहिलं आहे की इच्छा करणं आणि कृती करणं हे तुमच्यात साधून देणारा देवच आहे.

मग योहानाचं वचन. ‘पूर्ण प्रीती भीती घालवून देते’ याच्या पुढेच कारण दिलं आहे, की भीतीमध्ये शासन असतं, म्हणजे शिक्षेची धास्ती. आणि आदल्याच वचनात विषय आहे न्यायाच्या दिवशी धैर्य असण्याचा. प्रीती घालवते ती शिक्षेची भीती. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो शहराचा बिशप ऑगस्टीन याने या वचनावर प्रवचन दिलं. त्यात दोन स्त्रियांचं उदाहरण आहे. एक स्त्री व्यभिचारी, तिला भीती वाटते की नवरा घरी येईल. दुसरी एकनिष्ठ, तिला भीती वाटते की नवरा सोडून जाईल. दोघीही भितात असंच म्हणावं लागतं, पण का भितेस विचारलं की उत्तरं उलटी येतात. त्याच प्रवचनात तो सुई-दोऱ्याचंही उदाहरण देतो. आधी सुई आत शिरते, पण ती बाहेर निघाल्याशिवाय दोरा येत नाही. भय ही सुई, प्रीती हा दोरा. मला हे दुसरं उदाहरण तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचं वाटतं. लहानपणी आजीने ‘देव बघतोय’ म्हणून जी सुई टोचली ती वाईट नव्हती. ती आतच राहून गेली, म्हणून दुखते आहे.

१५२९ साली मार्टिन ल्यूथरने साध्या घरांसाठी जी छोटी प्रश्नोत्तरावली लिहिली, तिच्यात दहा आज्ञांचा अर्थ सांगताना तो पुन्हा पुन्हा एकाच शब्दांनी सुरुवात करतो: आपण देवाचं भय धरावं आणि त्याच्यावर प्रीती करावी. दोन्ही एका श्वासात. शास्त्रातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायातही मोशेने हे असंच जोडलेलं आहे.

भयाचा गैरवापर होतो, त्याबद्दलही लिहायला हवं. तुम्ही लिहिलंत की मुलीला डेंगी झाला तेव्हा मंडळीतल्या कुणीतरी म्हटलं, ‘देवाच्या काठीला आवाज नसतो.’ ही म्हण आपल्या रक्तात आहे. पण प्रभूने तिला सरळ नकार दिला आहे. शिलोहातला बुरूज पडून अठरा माणसं मेली, तेव्हा ‘ती इतरांपेक्षा जास्त अपराधी होती असं तुम्हाला वाटतं काय? नाही’ असं तो म्हणाला. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी विचारलं, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? याचंही नाही, आईबापांचंही नाही. डेंगी डासाने होतो. आजारी लेकराच्या आईला असं बोलणाऱ्या माणसाने तिच्या वाटेत ठोकर ठेवली. लेवीय एकोणीस त्याला लागू आहे.

दुसरा गैरवापर आमच्यासारख्या पाळकांचा. कुणी हिशेब विचारला, वागणुकीबद्दल बोललं, की ‘माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका’ हे वचन पुढे करायचं. एकशे पाचव्या स्तोत्रात हे वचन परमुलखात भटकणाऱ्या अब्राहाम, इसहाक, याकोब यांच्याबद्दल राजांना बजावलेलं आहे. बलवानापासून दुर्बळाला वाचवणारं वचन बलवानाची ढाल झालं, याचं मला फार दुःख वाटतं. राजा दावीद अभिषिक्तच होता, तरी नाथान संदेष्टा त्याच्या तोंडावर म्हणाला, ‘तो मनुष्य तूच आहेस.’ पाळकाची भीती म्हणजे देवाचं भय नव्हे. नीतिसूत्रे २९:२५ सांगतं की माणसाची भीती पाशरूप होते.

तरुणपणी माझ्याकडूनही हे घडलं. एका उपवासकाळातल्या सभांत मी सलग तीन रात्री नरकावर बोललो. लोक रडले, पुढे आले, मला वाटलं मोठं काम झालं. पंधरा दिवसांनी एक आई म्हणाली की तिचा दहा वर्षांचा मुलगा तेव्हापासून एकटा झोपत नाही आणि शब्बाथ शाळेला यायला तयार नाही. मी त्या मुलाच्या घरी गेलो, त्याच्यापाशी जमिनीवर बसलो आणि त्याची क्षमा मागितली. तो माझ्याशी बोलायला लागला त्याला वर्ष गेलं.

एक गोष्ट नीट ऐका, कारण तुमच्या पत्रातल्या एका वाक्याने मला थांबवलं. ‘देवाबद्दल वाईट शब्द मनात आपोआप येतात आणि मग पन्नास वेळा क्षमा मागावी लागते,’ असं तुम्ही लिहिलंत. मार्काच्या तिसऱ्या अध्यायातली पवित्र आत्म्याची निंदा ही अशी नकोसे विचार आल्याने घडत नाही. तिथे शास्त्री लोक, म्हणजे यहुदी नियमशास्त्राचे पंडित, येशूची चांगली कामं डोळ्यांदेखत पाहून जाणूनबुजून त्यांना सैतानाची म्हणत होते. ज्याला आपण ते पाप केलं असेल या विचाराने रडू येतं, त्याचं मन अजून देवाकडेच लागलेलं आहे. पण नको असलेला विचार पुन्हा पुन्हा येणं, तो धुऊन काढायला ठरावीक संख्येने प्रार्थना करावी लागणं, तरी समाधान न होणं, याला आपल्याकडे मंत्रचळ म्हणतात आणि डॉक्टर ओसीडी म्हणतात. यावर औषध आहे, उपचार आहेत. कृपा करून मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. मधुमेहाची गोळी घेतल्याने विश्वास कमी होत नाही, याही गोळीने होत नाही. माझ्या माहितीतल्या दोघांना याने खूप आराम पडला, आणि ते पुन्हा मोकळ्या मनाने स्तोत्रं गाऊ लागले.

आता प्रभूभोजन. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायातले ‘अयोग्य रीतीने’ हे शब्द पाहा. तिथे माणूस योग्य की अयोग्य हे मोजलेलं नाही, घेण्याची रीत मोजलेली आहे. करिंथात काय चाललं होतं ते एकविसाव्या आणि बाविसाव्या वचनात आहे. खातेपिते लोक आधी येऊन आपलं जेवण उरकायचे. एक भुकेला राहायचा, दुसरा पिऊन मस्त व्हायचा, आणि ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना मान खाली घालावी लागायची. प्रभूचं शरीर न ओळखणं ते हेच. म्हणून पौल शेवटी उपाय काय सांगतो? ‘एकमेकांची वाट पहा.’ अठ्ठाविसावं वचन तर तुम्हाला पाठ असेल: माणसाने आत्मपरीक्षण करावं आणि मग त्या भाकरीतून खावं. परीक्षण करून बाहेर जावं असं तिथे लिहिलेलं नाही. एकशे तिसावं स्तोत्र त्या वेळी मनात म्हणा. ‘तुझ्याजवळ क्षमा आहे, म्हणून तुझे भय धरतात.’ शिक्षा आहे म्हणून नव्हे, क्षमा आहे म्हणून. ज्याने आपलं सगळं जाणून क्षमा केली, त्याच्यासमोर माणूस खरा वाकतो.

मुलीला काय सांगायचं? तिला जवळ घ्या आणि म्हणा, नाही गं, देव मारत नाही. तू खोटं बोललीस तर त्याला वाईट वाटतं, कारण तू त्याची आहेस. आणि ज्याच्याशी खोटं बोललीस त्यालाही लागतं. चल, आपण दोघी देवाला सांगू आणि मग त्यांना जाऊन सांगू. बरोबर जा, तिला एकटी पाठवू नका. मुलांना देवाचं भय असंच समजतं, चुकल्यावर कुणाकडे धावायचं ते त्यांना कळतं. एकशे तिसऱ्या स्तोत्रात बाप आपल्या मुलांवर ममता करतो तशी ममता परमेश्वर आपलं भय धरणाऱ्यांवर करतो असं म्हटलंय, ते वचन तिच्याकडून पाठ करून घ्या. ‘कान कापेल’, ‘डोळे जातील’ हे मात्र घरातून बंद करा, आजीलाही प्रेमाने सांगा.

माझ्या शेवटच्या मंडळीत एक आजी होत्या. तरुणपणी घडलेल्या एका चुकीमुळे अठरा वर्षं त्या प्रभूभोजनाच्या आधी उठून बाहेर जायच्या, चिंचेखाली बसायच्या. मला कळायला दोन वर्षं लागली, याची मला अजून खंत आहे. मी त्यांच्यासोबत चिंचेखालीच बसलो, करिंथच्या पत्रातला तोच अकरावा अध्याय वाचला, एकदा नाही, पाच-सहा रविवार. मग एका पहिल्या रविवारी त्या आतच बसून राहिल्या. भाकरीचा तुकडा दोन्ही हातांच्या ओंजळीत धरला होता आणि हात कापत होते. त्यांनी तो लगेच तोंडात घातला नाही. त्यांच्या बाकावर शेवटी एक मजूर बाई उशिरा येऊन बसली होती, तिच्यापर्यंत तबक पोचलं, तिने घेतलं, आणि मग आजींनी खाल्लं.